फाउंड्रीतली धूळ: छातीत जाण्याआधी कुठं अडवायची

आमच्याकडं बेळगावात फाउंड्रीत, म्हणजे धातू साच्यात ओतून कास्टिंग (ओतीव भाग) करायच्या कारखान्यात, नवा पोरगा कामाला लागला की पहिल्याच आठवड्यात त्याला दोन सल्ले मिळतात. तोंडाला रुमाल बांध, आणि शिफ्ट सुटली की गुळाचा खडा खा. उद्यमबाग असो, मच्छे असो की होनगा, हे दोन सल्ले सगळीकडं सारखेच. काही मालक तर गूळ स्वतः आणून वाटतात. कोल्हापूरपासून महालिंगपूरपर्यंतचा हा मुलूखच गुळाचा, त्यामुळं गुळावर आपला भरवसा जरा जास्त.

सल्ला देणाऱ्याची माया खरी असते, पण गूळ जातो अन्ननलिकेतून पोटात आणि धूळ बसते श्वासनलिकेच्या पार टोकाला. या दोन वाटा घशापाशी फुटतात, त्या पुढं कुठं भेटत नाहीत. गुळानं लाळ सुटते, कोरडा घसा ओला होतो, बरं वाटतं. तेवढंच खरं. १९९४ साली लखनौच्या शास्त्रज्ञांचा एक प्रयोग छापून आला होता, त्यात गूळ दिलेल्या उंदरांच्या फुफ्फुसातून धुळीचे कण जास्त बाहेर सरकलेले दिसले होते. गुळाचे वकील आजही तोच दाखला देतात. पण उंदरावरच्या एका प्रयोगावर माणसानं वीस वर्षांची फेटलिंग, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायचं काम, काढायची नसते. रोज गूळ खाल्लेल्या माणसांनाही धुळीचा आजार झालेला आहे. गूळ जरूर खा, गोड लागतो म्हणून खा.

रुमालाचं पुढं सांगतो. आधी ही धूळ नेमकी कुठली, ते बघू.

वाळू आणि वाळूचं पीठ

मोल्डिंगची, म्हणजे साचा करायची, वाळू म्हणजे सिलिका, आपल्या भाषेत गारगोटी. तीच गारगोटी दळून बारीक झालेली. घाटाखाली सिंधुदुर्गात कासार्डेच्या बाजूला सिलिका वाळूच्या खाणी आहेत. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून पडतो तो कडाही याच जातीच्या खड्या कणांचा. वाळू म्हणून ती निरुपद्रवी आहे. मोल्डिंगच्या वाळूचा दाणा साधारण १५० ते ३०० मायक्रॉनचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपला केस सत्तरेक मायक्रॉन जाड. एवढा मोठा दाणा नाकात गेला तर शिंक येते, डोळ्यात गेला तर खुपतो, पण फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचत नाही.

मग तिथं पोचतं ते काय? त्याच दाण्याचं पीठ. गारगोटीला एक खोड आहे. ५७३ अंश सेल्सिअसला तिच्या आतली रचना बदलते आणि दाणा एकदम फुगतो, थंड होताना परत आक्रसतो. साच्यात १३५० ते १४०० अंशांचं वितळलेलं बीड (ओतीव लोखंड) ओतलं की त्याला लागून असलेला प्रत्येक दाणा या फुगण्या-आक्रसण्यातून जातो आणि तडकतो. आपण ती वाळू फेकत नाही, चाळून, माती आणि पाणी घालून पुन्हा वापरतो. प्रत्येक फेरीत आणखी थोडं पीठ. शिवाय नॉकआउटला, म्हणजे साचा फोडून कास्टिंग काढताना, आदळून, मिक्सरमध्ये रगडून, ग्राइंडरखाली फुटून ते वाढतच जातं. त्यातही ताजी फुटलेली गारगोटी जास्त वाईट. फुटलेल्या कडा रासायनिकदृष्ट्या खवळलेल्या असतात, जुन्या पडून राहिलेल्या धुळीपेक्षा त्या पेशींना जास्त इजा करतात.

या पिठातला दहा मायक्रॉनखालचा, आणि मुख्यतः चार-पाच मायक्रॉनखालचा भाग खरा घातकी. तो नाकातल्या केसांत अडकत नाही, घशातल्या चिकट थराला लागत नाही, सरळ तळाशी जातो. आणि तो हवेत किती वेळ राहतो बघा. शंभर मायक्रॉनचा कण छातीच्या उंचीवरून दोन-चार सेकंदांत खाली येतो. पाच मायक्रॉनच्या कणाला स्थिर हवेतसुद्धा बारा-तेरा मिनिटं लागतात. एक मायक्रॉनच्या कणाला पाच तास. आणि शेडमधली हवा स्थिर कधीच नसते. म्हणजे सकाळी दहाला नॉकआउट झालं, ढग 'बसला', सगळ्यांनी हुश्श केलं, तरी दीड वाजता त्याच शेडच्या कोपऱ्यात डबा उघडणारा माणूस सकाळचीच धूळ आत घेत असतो. ढग बसत नाही, फक्त दिसायचा थांबतो. माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात मोठी फसगत हीच. जी धूळ दिसते तिला आपण घाबरतो, आणि ती खाली बसली की काळजी सोडतो.

छातीत काय होतं

फुफ्फुसाच्या टोकाला बारीक बारीक हवेच्या पिशव्या असतात. तिथं आलेली घाण गिळून टाकायला शरीरानं पेशी ठेवल्या आहेत. जंतू आला की त्या गिळतात आणि पचवतात. गारगोटीचा कण आला की गिळतात, पण तो पचत नाही. उलट त्यानं पेशीच फुटते, आतला जाळणारा रस बाहेर सांडतो, कण मोकळा होतो आणि पुढच्या पेशीला तोच अनुभव येतो. या रोजच्या जळण्याला शरीर एकच उत्तर देतं, व्रण भरायचा. भाजलेल्या जागी कातडी घट्ट होते तसं फुफ्फुस जागोजागी घट्ट होत जातं. मऊ स्पंजात बारीक खडे तयार व्हावेत तसं. यालाच सिलिकोसिस म्हणतात.

व्रण परत मऊ होत नाही. त्यासाठी औषध नाही. काम सोडलं तरी आत राहिलेला कण आपलं काम करत राहतो, म्हणून काहींचा आजार नोकरी सुटल्यावरही वाढतो. साधारण प्रकारात दहा वर्षांच्या वर काळ जातो, धूळ जास्त असेल तर पाच ते दहा वर्षांत दिसतो, आणि बंद जागेत भरमसाठ धूळ खाल्ली तर काही महिन्यांतसुद्धा. फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वेगळाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं श्वासातून जाणाऱ्या स्फटिक सिलिकाला १९९७ सालीच माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं आहे. लोखंड-पोलादाच्या फाउंड्रीतलं काम तर त्याच गटात त्याआधीपासून आहे. त्यात विडी-सिगारेट ओढली तर धोका नुसता जोडला जात नाही, चढत जातो. निपाणीच्या शेजारच्या माणसांना विडी सोडा म्हणणं अवघड, पण फेटलिंग आणि विडी यांतलं एक तरी सोडावंच लागतं.

आणि टीबी. सिलिकानं ज्या पेशी मारल्या त्याच पेशी टीबीच्या जंतूलाही अडवतात. पहारेकरीच मेले की चोराला दार उघडं. सिलिकोसिस असलेल्या माणसाला टीबी होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त असते. आणि एक्स-रेवर दोन्हींचे डाग फुफ्फुसाच्या वरच्या भागातच दिसतात, त्यामुळं एकाला दुसरा समजण्याची चूक फार होते.

माझ्या मामांचंच सांगतो. खानापूर तालुक्यातला माणूस, बावीस वर्षं फेटलिंगला. खोकला, वजन उतरलेलं, एक्स-रेवर डाग. थुंकीत जंतू सापडला नाही, तरी टीबीचा कोर्स झाला. दोन वर्षांनी परत डाग, परत कोर्स. मी घरी गेलो तेव्हा ओसरीवर बसले होते.

"मामा, धाप कवापासनं लागायलीय?"

"चढाला लागतंय रे. मागं यळ्ळूरच्या गडावर गेलतो, अर्ध्यात बसावं लागलं. वय झालंय न्हवं."

"डॉक्टरनं काम काय करतोस म्हणून विचारलं?"

"काम कशाला विचारतील? दारू पितोस काय, तेवढं विचारलं."

ज्या दवाखान्यात दोन कोर्स झाले त्या केसपेपरवर 'व्यवसाय' या रकान्यात 'मजुरी' एवढाच शब्द होता. त्या एका शब्दात बावीस वर्षांची ग्राइंडिंग गडप झाली होती. म्हणून पहिली फुकटची गोष्ट ही: दवाखान्यात गेल्यावर कोणी विचारो न विचारो, आपण सांगायचं. 'कंपनीत आहे' असं नाही. 'फाउंड्रीत फेटलर, अमुक वर्षं, सिलिका वाळूची धूळ' असं सांगायचं आणि कागदावर लिहून घ्यायचं.

धाप ही पहिली खूण नसते हेही लक्षात ठेवा. आजार एक्स-रेवर आधी दिसतो, माणसाला नंतर जाणवतो.

धूळ कुठं उठते

ग्रीन सँडचं, म्हणजे ओलसर वाळूचं, मोल्डिंग दिसायला मळकट, पण वाळूत तीन-चार टक्के पाणी असतं, त्यामुळं तिथं धूळ मानानं कमी. मोल्डवर भुरभुरायची पार्टिंग पावडर मात्र बघून घ्या. ती सिलिकाची भुकटी असेल तर बदला, बिनसिलिकाची मिळते. कोअर शॉपमध्ये, म्हणजे कास्टिंगच्या आत पोकळी ठेवणारे वाळूचे गाभे (कोअर) बनतात तिथं, आपल्याकडं बायका जास्त. तिथं कोअर घासताना धूळ उठते, शिवाय वाळू बांधणाऱ्या रेझिनचा धूर. धुराचं दुखणं वेगळं आहे, धुळीचा मास्क वायू अडवत नाही, एवढंच इथं सांगून पुढं जातो.

धुळीची खरी घरं तीन.

एक नॉकआउट. साचा फोडला की कोरडी झालेली, भाजलेली वाळू कास्टिंगवरून सुटते. गरम हवा वर चढते आणि बारीक पीठ घेऊन छतापर्यंत जाते. ते मग छताच्या कैच्यांवर, क्रेनच्या गर्डरवर, पत्र्याच्या नाळेत बसतं. क्रेन फिरली, वारा आला, की तेच पुन्हा खाली. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हा त्रास वाढतो. वळीव गेला, खरा पावसाळा आला, की आडव्या सरी आत येऊ नयेत म्हणून शेडच्या बाजूंना ताडपत्री ओढतात, सरकती दारं लावतात. ओल्या साच्यात बीड ओतणं जिवावरचं, म्हणून हे करावंच लागतं. पण मग उन्हाळ्यात ज्या फटींतून धूळ निघून जायची त्याही बंद. ज्यांची धूळ काढायची सारी व्यवस्था 'शेड उघडी आहे' एवढीच असते, त्यांची ती व्यवस्था वर्षातले चार महिने बंद असते.

दुसरं फेटलिंग. इथं माणसाचं नाक आणि ग्राइंडरचं चाक यांत हातभर अंतर असतं. कास्टिंगला चिकटलेली, जळून बसलेली वाळू चाकाखाली ताजी फुटते. एक साधी गोष्ट बरेच जण करत नाहीत: आधी शॉट ब्लास्टिंग (गोळ्यांचा मारा करून सफाई), मग ग्राइंडिंग. ब्लास्टिंगचं मशीन बंदिस्त असतं, धूळ त्याच्या पोटात राहते. चिकटलेली वाळू तिथं निघून गेली की ग्राइंडरखाली बीड घासलं जातं, गारगोटी नाही. कामाचा नुसता क्रम बदलायचा आहे. ब्लास्टिंगला पोलादी गोळ्या वापरायच्या, वाळू कधीही नाही.

तिसरं घर लोक विसरतात, ते म्हणजे फर्नेसचं अस्तर. इंडक्शन फर्नेसमध्ये, म्हणजे विजेच्या भट्टीत, ठोकायचा रॅमिंग मास (अस्तराचं कोरडं मिश्रण) जवळजवळ सगळाच सिलिका असतो, आणि त्यात पिठासारखा भाग मुद्दाम ठेवलेला असतो, कारण त्याशिवाय तो घट्ट बसत नाही. पोती फोडून ओतताना धूळ, ठोकताना धूळ, आणि जुनं अस्तर ब्रेकरनं फोडताना सगळ्यात जास्त. भट्टीच्या तापात भाजलेल्या त्या अस्तरात सिलिकाचं आणखी वाईट रूप तयार झालेलं असतं, क्रिस्टोबलाइट. काम दोन-तीन माणसांचं, महिन्यातून काही वेळा, म्हणून मोजमापात ते कधी येतच नाही. भट्टीच्या खड्ड्यात उतरून अस्तर फोडणाऱ्याला तोंडाला टॉवेल गुंडाळायला सांगणाऱ्या सुपरवायझरनं एकदा स्वतः तासभर आत उतरून बघावं.

फुंकर आणि ओढ

आता उपाय. फाउंड्रीत धूळ झाली की आपल्या लोकांना पहिला आठवतो पंखा. मोठा, पिंजऱ्याचा, घोंघावणारा. पंखा धूळ घालवत नाही, शेजाऱ्याला देतो. फेटलिंगची धूळ मोल्डिंगला, मोल्डिंगची कोअर शॉपच्या बायकांना.

घरी एक प्रयोग करा. मेणबत्ती लावा आणि हातभर अंतरावरून फुंकर मारा, विझेल. आता तेवढ्याच अंतरावरून हवा आत ओढून ती विझवून दाखवा. जमणार नाही, ओठ ज्योतीला लागेपर्यंत जमणार नाही. फुंकर एका रेषेत दूर जाते, ओढ मात्र चारी बाजूंनी थोडी थोडी येते आणि तोंडापाशीच संपते. एक्झॉस्टचं सारं शास्त्र या मेणबत्तीत आहे. पाइपाचं तोंड एक फूट रुंद असेल तर तोंडापासून एक फुटावर ओढीचा जोर जेमतेम दहा टक्के उरतो. म्हणून भिंतीत वर लावलेल्या एक्झॉस्ट फॅनला खालच्या बाकावरची धूळ कळतसुद्धा नाही. ओढणारं तोंड धुळीच्या उगमाला जवळजवळ चिकटून हवं, आणि उगमाला तीन बाजूंनी जेवढं झाकता येईल तेवढं झाकलेलं. नॉकआउटच्या जाळीला बाजूचे पत्रे आणि एका बाजूनं ओढ. ग्राइंडिंगच्या बाकाला मागून हूड, किंवा बाकाची फळीच जाळीची करून खालून ओढ. पेडेस्टल ग्राइंडरच्या चाकाला जवळ बसणारं आवरण.

माणूस कुठं उभा राहतो यालाही महत्त्व आहे. वारा पाठीमागून आला तर बरं, असं वाटतं. तसं नाही. पाठीवर आलेली हवा शरीराला वळसा घालून पुढं भोवरा करते, आणि तो भोवरा बाकावरची धूळ उचलून तोंडाकडं आणतो. वारा बाजूनं जाऊ दे.

पाइपातला वेग सेकंदाला वीस मीटरच्या आसपास असावा लागतो, नाहीतर जड धूळ पाइपातच बसते. पाइपावर बोटानं टकटक करा. पोकळ वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आत वाळू बसली आहे आणि तुमची ओढ तिथंच अडली आहे. पुढं धूळ वेगळी करणारा सायक्लोन आणि कापडी पिशव्यांचा बॅग फिल्टर. बॅगा फाटल्या असतील तर आतून काढलेली धूळ बाहेरून फिरून परत दारातून येते. एक्झॉस्टवर पैसे घालणारे मालक मी पाहिलेत, पण वर्षभरानं बॅगा बघणारे कमी.

पाण्यानं धूळ मरते, कोरडी वाळू ओली केली की उठत नाही, हे खरं. पण फाउंड्रीत पाणी विचार करून वापरायचं. वितळलेल्या धातूखाली पाणी सापडलं की त्याची वाफ सोळाशे पटींहून जास्त फुगते, आणि तो स्फोटच असतो. भट्टी, लॅडल (धातू ओतायचं भांडं), ओतायची जागा इथं पाइप घेऊन कोणी जायचं नाही. थंड झालेली वाळू, वाटा, ट्रॉलीचा रस्ता, फोडायच्या आधीचं थंड जुनं अस्तर इथं बारीक फवारा चालतो. पाण्याजवळ विजेचं हत्यार नको, हवेवर चालणारं घ्या.

आता शिफ्ट सुटतानाची एक सवय, जिच्याबद्दल मला मनापासून चीड आहे. एअर गननं अंग झाडणं. चार पोरं ओळीनं उभी, एक जण कॉम्प्रेसरचा पाइप धरून प्रत्येकाच्या शर्टावर, केसांवर, पाठीवर हवा मारतो, सगळे हसतात, ढग उठतो. दिवसभरात मास्क लावून जे वाचवलं असेल ते त्या दोन मिनिटांत परत आत जातं, कारण तेव्हा मास्क काढलेला असतो. तसाच कोरडा झाडू. झाडूनं जड वाळू गोळा होते आणि बारीक पीठ हवेत जातं. बारीक फिल्टरचा इंडस्ट्रियल व्हॅक्यूम घ्या. तो नाहीच जमला तर आधी ओलं करून मग झाडा. कैच्यांवरची धूळ दर काही महिन्यांनी काम बंद असताना व्हॅक्यूमनंच काढायची. ती खाली ढकलायची नाही.

कपडे कारखान्यातच बदलून ठेवावेत. ते घरी नेले की न्हाणीत झटकणारी बाई आणि पायात घुटमळणारं पोर, दोघांच्याही श्वासात ते पीठ जातं.

धूळ दिसत नाही म्हणालो, पण दाखवता येते. रात्रपाळीत दिवे मालवून एका बाजूनं जोराच्या बॅटरीचा अरुंद झोत सोडा. आपण समोर उभं राहायचं, बल्ब डोळ्यावर येऊ नये म्हणून मध्ये पुठ्ठा धरायचा. पत्र्याच्या भोकातून येणाऱ्या सकाळच्या उन्हात जशी धूळ नाचताना दिसते तशी ती दिसते, आणि ती कुठून उठून कुणाच्या नाकाकडं जाते तेही दिसतं. मालकाला अहवालापेक्षा हे दृश्य लवकर पटतं.

मास्क, शेवटी

मास्क शेवटी सांगतोय, कारण तो शेवटचाच आहे. वर सांगितलेलं काही न करता मास्क वाटणं म्हणजे छप्पर गळत असताना घरच्यांना छत्र्या देणं.

रुमाल, टॉवेल, दवाखान्यातला निळा मास्क, यांतून किंवा यांच्या कडेच्या फटींतून बारीक कण आरामात आत जातो. एन ९५ किंवा एफएफपी २ या दर्जाचा हवा. आपल्याकडं त्यासाठी आयएस ९४७३ हे मानक आहे, पाकिटावर ते बघून घ्या. कडा चेहऱ्याला चिकटली नाही तर चांगला मास्कही कुचकामी. लावल्यावर दोन्ही हातांची ओंजळ वर धरून जोरात श्वास सोडा. नाकापाशी हवा डोळ्यांकडं आली तर पट्टी दाबा. दाढी, अगदी दोन दिवसांचे खुंटसुद्धा, फट ठेवतात. आणि मास्क खिळ्याला टांगू नका. टांगलेल्या मास्कच्या वाटीत दुपारभर धूळ साठते आणि दुसऱ्या दिवशी तीच तोंडाला लागते. डब्यात ठेवा. एफएफपी २ मास्क नीट बसला तर धूळ दहापट कमी करतो असं धरतात. अस्तर फोडण्यासारख्या कामाला तो पुरत नाही, तिथं बाहेरून स्वच्छ हवा देणारं हेल्मेट लागतं.

किती चालते, कोण मोजतं

अमेरिकेत २०१६ च्या नियमानं मर्यादा ठरली, आठ तासांच्या सरासरीनं एक घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम सिलिका. मेहनतीचं काम करणारा माणूस एका पाळीत साधारण दहा घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे दिवसाचा सगळा कोटा अर्धा मिलिग्रॅम, साखरेच्या एका बारीक दाण्याएवढा.

आपल्याकडं वर्षानुवर्षं हिशेब चालत आला तो १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या दुसऱ्या परिशिष्टातल्या सूत्रानं: श्वासात जाणाऱ्या बारीक धुळीत क्वार्ट्झ किती टक्के ते बघायचं, त्यात २ मिळवायचे, आणि १० ला त्या आकड्यानं भागायचं. उत्तर घनमीटरला मिलिग्रॅममध्ये. धुळीत ८ टक्के क्वार्ट्झ असेल तर १० भागिले १०, म्हणजे १ मिलिग्रॅम धूळ चालते. त्यात सिलिका ८० मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या मर्यादेपेक्षा दीडपटीहून जास्त. म्हणून 'कायद्यात बसतो' आणि 'छातीला चालतं' या दोन गोष्टी एक धरू नयेत.

मोजायचं कसं? कामगाराच्या कमरेला छोटा पंप, कॉलरला नाकाजवळ बारीक धूळ वेगळी करणारी नळी, आणि ती घेऊन त्यानं पाळीभर आपलं काम करायचं. फिल्टर मग प्रयोगशाळेत जातो. प्रदूषण मंडळासाठी चिमणीचं आणि आवारातल्या हवेचं जे मोजमाप होतं ते हे नव्हे. गेटजवळची हवा स्वच्छ निघाली म्हणून ग्राइंडरजवळची निघत नाही. ऑडिटला चिमणीचा अहवाल पुढं करणारे भेटतात, त्यांना हा प्रश्न जरूर विचारा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून फॅक्टरी ॲक्टची जागा कामाच्या जागच्या सुरक्षिततेच्या नव्या संहितेनं घेतली. सिलिकोसिस तिथंही सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत आहे, आणि ठरावीक वयाच्या कामगारांची वार्षिक तपासणी मोफत करून देण्याची जबाबदारी मालकाची आहे. कर्नाटकात हा विषय कारखाने व बॉयलर खात्याकडं येतो. कारखाना ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू असलेला असेल तर महिना २१,००० रुपयांपर्यंत पगाराचा कामगार, कंत्राटी असला तरी, ईएसआयमध्ये येतो, आणि सिलिकोसिस तिथं व्यावसायिक आजार म्हणून धरला जातो. व्यावसायिक आजारांचं संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था अहमदाबादला आहे, तिचं दक्षिणेचं केंद्र बेंगळुरूला.

सूचनांचे फलक मात्र कामगाराला वाचता येतील असे हवेत. आपल्या एकाच शेडमध्ये कन्नड, मराठी आणि हिंदी बोलणारी माणसं शेजारी शेजारी उभी असतात, आणि रॅमिंग मासच्या पोत्यावरचा इशारा इंग्रजीत असतो.

तपासणीत दोन गोष्टी लागतात, छातीचा एक्स-रे आणि फुंकून बघायची स्पायरोमेट्री. त्यांचा खरा उपयोग तुलनेत आहे. यंदाचा आकडा गेल्या वर्षीच्या शेजारी ठेवला की घसरण कळते, एकट्या आकड्यावरून फारसं कळत नाही. कंत्राटी पोरं आज या फाउंड्रीत, दिवाळीनंतर त्या फाउंड्रीत. त्यांची फाइल कुठंच राहत नाही, म्हणून ती त्यांनी स्वतः घरी ठेवायची. रेशनकार्डाच्या पिशवीत एक्स-रे, त्याचा रिपोर्ट, आणि एका कागदावर कुठल्या साली कुठल्या खात्यात किती महिने काम केलं ते.

मामांना शेवटी छातीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी पहिल्यांदा कामाचं विचारलं आणि मग जुना एक्स-रे मागितला, कामाला लागण्याआधीचा किंवा निदान सुरुवातीच्या वर्षांतला. मामांनी माझ्याकडं बघितलं. बावीस वर्षांत त्यांनी सात कंपन्यांत काम केलं होतं, आणि त्यांच्याकडं होत्या त्या टीबीच्या दोन फिल्म.